मुंबईचं सागवान, हार्टलपूलचं पाणी

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मान खाली घालावीच लागते. पुढे 'एचएमएस त्रिंकोमाली'चं पोट आहे. दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेल्या जाडजूड फासळ्या, मधोमध लांबवर गेलेला कणा आणि डांबर, जुनं तेल नि ओल यांचा मिळून झालेला वास. वरच्या डेकवर उत्तर समुद्रावरचा वारा दोरखंडांतून घोंगावत असतो. इथे खाली त्याचा मागमूस नाही. एका फासळीवर मी तळहात ठेवला. लाकूड काळपट, गुळगुळीत, बोटाच्या पेराने ठोकलं तर भरीव वाजणारं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जंगलात ते उगवलं, मुंबईच्या गोदीत तासलं गेलं, १८१७ साली पाण्यात उतरलं. आजही ते पाण्यातच आहे.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'लाकूड' हा विषय दिला, तेव्हाच हे जहाज मनात आलं. ब्रिटनच्या जुन्या युद्धनौकांपैकी अजून पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी नौका हीच. ॲडमिरल नेल्सनची 'व्हिक्टरी' वयाने मोठी आहे, पण ती कोरड्या गोदीत टेकू लावून उभी आहे. त्रिंकोमाली तरंगते, आणि ती मुंबईची आहे. न्यूकॅसलहून समुद्राच्या कडेकडेने जाणारी गाडी पकडून मी हार्टलपूलला पोचलो. रॉयल नेव्हीच्या संग्रहालयाच्या धक्क्याला ती बांधलेली दिसली: काळं अंग, त्यावर तोफांच्या खिडक्यांचा फिकट पट्टा, तीन उंच डोलकाठ्या आणि नाळेवर पागोटं घातलेला एक पुरुष.

तिच्यावरून आरमारी पराक्रमाच्या गोष्टी सांगायच्या म्हटलं तर हाती फार काही लागत नाही. दोनशे वर्षांच्या आयुष्यात समुद्रावर नोकरी झाली ती जेमतेम आठ-नऊ वर्षं, आणि एकाही मोठ्या सागरी लढाईत तिचं नाव नाही. म्हणूनच मला ती महत्त्वाची वाटते. लढाया बाजूला काढल्या की युद्धनौकेचं जे उरतं, ते इथे उघड दिसतं: लाकूड, ते घडवणारे हात आणि पिढ्यानपिढ्या केलेली डागडुजी.

ब्राझीलजवळ जळालेले नकाशे

१८१२ सालच्या ब्रिटनला जहाजांची भूक होती आणि ओक संपत आला होता. फ्रान्सशी चाललेलं युद्ध विसाव्या वर्षाकडे सरकत होतं. एका फ्रिगेटला शेकडो वाढलेली झाडं लागत आणि ओक वाढायला शंभर वर्षं घेतो. त्यामुळे आरमार खात्याने मुंबईकडे मोहरा वळवला. इथे सागवान होतं, गोदी होती आणि तीन पिढ्या मुरलेले कारागीर होते. ३० ऑक्टोबर १८१२ रोजी त्रिंकोमालीची मागणी नोंदली गेली.

फ्रिगेट हे त्या काळच्या आरमारातलं चपळ जहाज. तोफांचे दोन-तीन मजले असलेली अवाढव्य जहाजं रांग धरून लढत; फ्रिगेटवर तोफांचा मुख्य मजला एकच. पुढे जाऊन शत्रूचा ठावठिकाणा काढायचा, व्यापारी काफिल्यांना सोबत करायची, निरोप पोचवायचे, एकट्यादुकट्या जहाजाला गाठायचं, ही तिची कामं. त्रिंकोमालीचा आराखडा मुळात फ्रेंच होता. १७८२ मध्ये इंग्रजांनी 'एबे' नावाची एक फ्रेंच फ्रिगेट पकडली. तिची ठेवण त्यांना इतकी पसंत पडली, की तिच्या मापांवरून त्यांनी जहाजांची अख्खी मालिका बांधली. फ्रेंच आखणी, इंग्रज मालक, मलबारचं लाकूड, पारशी मिस्त्री, आणि नाव श्रीलंकेतल्या बंदराचं.

मुंबईसाठी काढलेले नकाशे 'जावा' नावाच्या फ्रिगेटवरून निघाले. मुंबईत बांधल्या जात असलेल्या एका मोठ्या जहाजासाठी तांब्याचे पत्रेही तिच्यावर होते, आणि मुंबईचे नवे सरसेनापती म्हणून नेमलेले थॉमस हिस्लॉपही. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या बाहिया किनाऱ्याजवळ तिची गाठ 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकी फ्रिगेटशी पडली. जावाचे कॅप्टन लॅम्बर्ट यांना प्राणघातक जखम झाली, डोलकाठ्या कोसळल्या आणि ती शरण आली. अमेरिकेला घेऊन जावी अशी तिची अवस्था उरली नव्हती. अमेरिकनांनी तिला आग लावली. नकाशेही गेले.

त्यांच्या नकला पुन्हा पाठवाव्या लागल्या. या प्रसंगातले दोन धागे मला फार ओढ लावतात. पहिला म्हणजे, ज्या कॉन्स्टिट्यूशनमुळे हे नकाशे नष्ट झाले तीही बॉस्टनला अजून पाण्यावर आहे. आणि दुसरा, ते हिस्लॉप सुटून पुढे हिंदुस्थानात आले, दख्खनच्या फौजेचे प्रमुख झाले आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या सैन्याविरुद्ध उभे राहिले. त्याच साली मुंबईत त्रिंकोमाली पाण्यात उतरली होती.

गोदीतला चांदीचा खिळा

मुंबईची गोदी वाडियांच्या आधी फारशी काही नव्हती. १७३६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या सुताराला बोलावलं, आणि तो आपल्या हाताखालचे सुतार घेऊन आला. पुढे दीडशे वर्षं मुख्य मिस्त्रीपण त्या घराण्यातच फिरत राहिलं. इकडे इंग्रजांचा किनाऱ्यावरचा प्रतिस्पर्धीही संपला होता. १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या पाण्यात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, तेव्हा जमिनीवरून पेशव्यांची फौज इंग्रजांच्या मदतीला उभी होती. ही बोच मराठी माणसाला अजून आहे, असायलाही हवी. मुंबईची गोदी निर्धास्तपणे वाढली त्याचं हेही एक कारण.

दुसरं कारण निसर्गाने दिलेलं. मुंबईला उधाणाची भरती चार मीटरच्या वर चढते. गोदीचं दार भरतीला उघडायचं, जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी काढून द्यायचं आणि दार लावायचं, की जहाज कोरडं. भरती-ओहोटीत असा फरक नसलेल्या बंदरांना हेच काम पाणी उपसून करावं लागे. १७५० पासून इथे एकामागून एक सुक्या गोद्या खोदल्या गेल्या, आणि १८१० पर्यंत गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या नावाची प्रचंड डंकन गोदी उभी राहिली.

त्या काळी मुख्य मिस्त्री होते जमशेटजी बमनजी वाडिया. १८१० मध्ये त्यांनी 'मिंडन' हे ७४ तोफांचं जहाज बांधलं; ब्रिटनच्या बेटांबाहेर बांधलेलं रॉयल नेव्हीचं ते त्या वर्गातलं पहिलं जहाज. त्याआधीची एक गोष्ट वाडियांच्या इतिहासात सांगितली जाते. १८०० साली कंपनीसाठी 'कॉर्नवॉलिस' ही फ्रिगेट बांधताना जमशेटजींनी आतल्या एका तुळईवर, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, इंग्रजीत एक वाक्य कोरून ठेवलं. हे जहाज एका काळ्याने बांधलं आहे, असा त्याचा आशय, आणि त्याला जोडलेली शिवी इंग्रज लोक देत तीच. अनेक वर्षांनी जहाज दुरुस्तीला आलं तेव्हा त्यांनीच ते दाखवलं म्हणतात. गोदीच्या त्या वैभवात किती अपमान गिळलेले होते, ते या एका ओळीतून कळतं.

एप्रिल १८१६ मध्ये त्रिंकोमालीची बहीण 'ॲम्फिट्राइट' पाण्यात गेली आणि लगेच हिचा कणा मांडला गेला. पारशी रिवाजाप्रमाणे जमशेटजींनी कण्यात एक कोरलेला चांदीचा खिळा ठोकला. त्याशिवाय जहाजाला बरकत नाही अशी श्रद्धा होती.

लाकडी जहाज बांधायचा क्रम आधी सांगाड्याचा. कणा मांडायचा, पुढे नाळ नि मागे पिछाडी उभी करायची, मग एकेक फासळी. फासळीचा बाक लाकडातच असावा लागतो, सरळ ओंडका तासून बाक काढला तर रेषा तुटतात आणि तिथेच लाकूड फाटतं. म्हणून जंगलातून लाकूड निवडणाऱ्याला जहाजाची आकृती डोळ्यांपुढे ठेवून झाडाचं वाकण बघावं लागे. सांगाडा उभा राहिला की बाहेरून आणि आतून फळ्या, फळ्यांच्या सांध्यांत डांबरात भिजवलेला ताग ठासायचा, आणि पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे. १५० फूट लांब, ४० फूट रुंद, त्या वेळच्या मोजणीने १,०६५ टनांचं हे काम दीड वर्षात झालं. खर्च आला सुमारे २३ हजार पौंड.

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. आदल्या एक-दोन दिवसांतच अमावास्या होऊन गेली होती, म्हणजे बंदरात उधाण होतं आणि घाटावर नवरात्र बसलं होतं. त्या वर्षीचा दसरा पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने साजरा केला, तो पेशवाईचा शेवटचा. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. मुंबईच्या किनाऱ्यावर नवं जहाज भरतीवर उचललं गेलं आणि महिन्याच्या आत घाटावरचं राज्य हललं. दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही, पण हे दिवस शेजारी ठेवल्याशिवाय मला पुढे जाता आलं नाही.

सागवान काय करतं

हार्टलपूलला जाण्याआधी मी देवगडच्या बाजूला एका खाडीकाठी गेलो होतो. तिथे अजून लाकडी मच्छीमार नौका बांधल्या जातात, कमी होत चालल्या असल्या तरी. फायबरच्या नौका हलक्या, स्वस्त, आणि देखभाल कमी. माडाच्या सावलीत एका अर्ध्या नौकेच्या फासळ्या उभ्या होत्या आणि एक म्हातारे मिस्त्री वाकशीने फळीची कड साफ करत बसले होते. दोनशे वर्षांचं जहाज पाण्यात टिकलंच कसं, असं मी विचारलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "पाण्यात रवलला लाकूड मरणा नाय," ते म्हणाले. "भिजणा-सुकणा सुरू झाला काय मरता."

हार्टलपूलमध्ये हीच अडचण पावलोपावली दिसते. खालून लागणाऱ्या खाऱ्या पाण्यापेक्षा वरून पडणाऱ्या पावसाची भीती जास्त. गोडं पाणी डेकच्या सांध्यांतून झिरपतं, तुळईच्या टोकाशी साचतं आणि तिथे बुरशी लाकूड पोखरते. उन्हाने आकसलेल्या सांध्यांतून पुढचा पाऊस आणखी आत जातो. लाकडी जहाज सांभाळणं म्हणजे बहुतेक वेळ छप्पर सांभाळणं.

मग सागवान यात वेगळं काय करतं? त्याच्यात तेल असतं, त्यामुळे पाणी सहज शिरत नाही, वाळवी नि लाकूड पोखरणारे समुद्री किडे त्याच्या वाटेला कमी जातात, आणि ऋतू बदलला तरी ते फारसं फुगत-आकसत नाही. एक कारण मात्र मला पूर्वी ठाऊक नव्हतं. ओकच्या लाकडात आम्ल असतं. त्यात ठोकलेला लोखंडी खिळा हळूहळू गंजतो, गंजाने भोवतालचं लाकूड कुजतं, आणि एके दिवशी खिळा भोकात नुसता खुळखुळायला लागतो. सागवानातलं तेल उलट लोखंडाला जपतं. जहाज म्हणजे शेवटी हजारो सांधे. सांधे टिकले तर जहाज टिकतं. खलाशांना सागवानाची एका बाबतीत धास्तीही होती: गोळा लागून उडणाऱ्या सागवानी कपच्यांची जखम चिघळते, असं ते मानत.

या लाकडाची किंमत जंगलांनी मोजली, ती पौंडांत नोंदली गेली नाही. मुंबईच्या गोदीचा पुरवठा तुटू नये म्हणून कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याला मलबारच्या जंगलांचा संरक्षक नेमलं. नाव संरक्षकाचं, काम मक्तेदारीचं. खासगी मालकांच्या, गावांच्या रानातलं सागवानही सरकारचं ठरलं, लोकांनी सरपणासाठी झाड तोडणंही अवघड झालं. ओंडके हत्तींनी ओढून नदीकाठी आणायचे, पावसाळ्यात पुराच्या पाण्यावर सोडायचे, आणि मुखाशी अडवून जहाजावर चढवायचे. तक्रारी इतक्या वाढल्या की १८२३ मध्ये ते पदच रद्द करावं लागलं. तोवर सोपं, नदीजवळचं सागवान संपत आलं होतं. १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनोली याने चातू मेनन यांच्या मदतीने निलांबूरला सागाची लागवड सुरू केली. जगातली सागाची सर्वांत जुनी लागवड म्हणून ती आज पर्यटकांना दाखवतात. आधी रान रिकामं झालं, मग लावलं गेलं, हा तिचा पूर्वेतिहास तिथे जाणाऱ्यांना सांगायला हवा.

उशिरा आलेली नोकरी

त्रिंकोमाली तयार झाली तेव्हा जिच्यासाठी ती मागवली ती लढाई संपून दोन वर्षं झाली होती. नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत होता. इंग्लंडला जाताना जहाज २४ जानेवारी १८१९ रोजी त्याच बेटावर थांबलं आणि निघताना जॉन स्टोको नावाच्या शल्यवैद्याला सोबत घेऊन गेलं. या डॉक्टरने नेपोलियनला तपासलं होतं आणि त्याच्या आजाराबद्दल जे वाटलं ते लिहून दिलं होतं. ते बेटाच्या गव्हर्नरला रुचलं नाही. पुढे लष्करी न्यायालयासमोर उभं करून त्याला नोकरीतून काढून टाकलं. पहिल्याच सफरीत या जहाजाने वाहून नेलेलं ओझं हे असं होतं.

एप्रिलअखेर पोर्ट्समथ. आणि मग डोलकाठ्या उतरवल्या, वर छप्पर घातलं आणि पंचवीसहून अधिक वर्षं तिला तशीच बांधून ठेवली. ओकची किती तरी जहाजं याच काळात कुजून गेली. सागवानाची परीक्षा अशी बंदरात उभं राहून झाली.

१८४५ मध्ये तिला बाहेर काढलं तेव्हा काळ बदलला होता. पिछाडी नव्याने घडवली, तोफा ४६ वरून २६ वर आणल्या, पण त्या आधीपेक्षा जड. दर्जा एक पायरी उतरून ती फ्रिगेटची कॉर्व्हेट झाली. १८४७ ते १८५० ती कॅरिबियन आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर होती: गुलामांची चोरटी वाहतूक करणाऱ्या जहाजांवर पहारा, हैतीत दंगली झाल्या तेव्हा तिथे हजेरी, शेवटी न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात फेरी. १८५२ मध्ये कॅप्टन वॉलेस ह्यूस्टन यांच्या हाताखाली ती प्रशांत महासागरात गेली. सर जॉन फ्रँकलिन यांची उत्तर ध्रुवाकडे हरवलेली मोहीम शोधायला गेलेल्या 'रॅटलस्नेक' जहाजासाठी रसद घेऊन ती अलास्कापर्यंत पोचली.

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाजवळच्या नकाशावर आजही 'ट्रिंकोमाली चॅनल' आणि 'ह्यूस्टन पॅसेज' ही नावं आहेत. नकाशावर निरुपद्रवी दिसणाऱ्या या नावांमागे १८५६ मधली एक घटना आहे. तिथल्या मूळ रहिवासी कौइचन लोकांपैकी एकाने एका गोऱ्या वसाहतवाल्याला गोळी घालून जखमी केलं. गव्हर्नर जेम्स डग्लस चारशेच्या वर खलाशी आणि नौसैनिक घेऊन त्यांच्या वस्तीवर गेले, त्या माणसाला धरलं, तिथल्या तिथे खटला चालवला आणि त्याच्या लोकांसमोर फाशी दिली. त्याचं नाव तथ्लासुत. ज्याला गोळी लागली होती तो जगला. ही माणसं त्रिंकोमालीवरून उतरली होती, आणि शिडांचं हे जहाज तिथवर ओढून नेलं ते 'ऑटर' नावाच्या एका वाफेच्या बोटीने. तिच्या तोफांनी मोठी लढाई पाहिली नाही हे खरं. पण आरमाराला बहुतेक वेळा लढावं लागतच नव्हतं. तोफा खाडीत दिसल्या की काम होत असे. वसाहतींच्या काळातल्या छोट्या युद्धनौकेचा खरा उपयोग हा होता, आणि मुंबईच्या कारागिरीचं कौतुक करताना तो विसरता येत नाही.

१८५७ मध्ये ती परत आली आणि तिची समुद्रावरची नोकरी संपली.

चौदा इंचांची झोप

तोफांच्या मजल्यावर पाय ठेवला की पहिल्यांदा जाणवते ती जागेची चणचण. मूळ मांडणीप्रमाणे दोन्ही बाजूंना चौदा-चौदा तोफा, अठरा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या. एकेक तोफ दोन टनांच्या आसपास. चाकांच्या लाकडी गाड्यावर ती बसलेली, आणि पाठीमागून बाजूच्या भिंतीला बांधलेला मनगटापेक्षा जाड दोरखंड. तोफ उडाली की हे दोन टन मागे उसळतात आणि दोरखंडाला हिसका बसून थांबतात. दोर तुटला तर हालत्या डेकवर सुटलेली तोफ शत्रूच्या गोळ्याइतकीच घातक. आठ-दहा माणसं मिळून ती पुसत, भरत, पुन्हा पुढे ओढत. दारूच्या पिशव्या खालून आणायचं काम पोरांचं. दारूच्या कोठारात दिवा न्यायचा नाही. शेजारच्या वेगळ्या खोलीत कंदील ठेवायचा आणि काचेच्या खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात काम करायचं.

त्याच्या खालच्या मजल्यावर माणसं राहत. पूर्ण संख्या असताना तीनशेच्या आसपास. टांगती मेजं, मेजागणिक एक जेवणाचा कंपू, आणि रात्री डोक्यावरच्या तुळयांना झोळ्या. झोळीला नियमाने जागा चौदा इंच. निम्मी माणसं पाळीवर असत म्हणून शेजारची झोळी रिकामी, नाहीतर कूस बदलणं अशक्य. मी तुळयांवरच्या आकड्यांमधलं अंतर वितीने मोजून पाहिलं आणि त्या अंधारात ओल्या कपड्यांनी झोपलेल्या माणसांचा विचार करत राहिलो. मागे, काचेच्या खिडक्यांच्या उजेडात, कप्तानाची खोली आहे. रुंद, हवेशीर, मेज-खुर्च्यांसकट. शिडाच्या जहाजावर समाजाची उतरंड अशी फुटपट्टीने मोजता येते.

नाव बदलून जगलेली

१८६० च्या दशकात तिला सरावाचं जहाज करून हार्टलपूलला बांधलं, नंतर साउथॅम्प्टनला. १८९७ मध्ये ती भंगारात विकली गेली. त्याच वर्षी नेल्सनच्या 'फूद्रोयां' या जुन्या जहाजाची ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात मोडतोड झाली. ते विकत घेऊन मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरणारे जेफ्री व्हीटली कॉब दुसऱ्या जहाजाच्या शोधात होते. त्यांनी भंगारवाल्याकडून त्रिंकोमाली घेतली आणि तिला फूद्रोयां हेच नाव दिलं. पुढची नव्वदेक वर्षं मुंबईचं जहाज परक्या नावाने जगलं. आधी फॅल्मथला, मग पोर्ट्समथला, मुलं, नंतर मुलीही, तिच्यावर राहायला येत, झोळ्यांत झोपत, होड्या वल्हवायला नि शिडं हाकायला शिकत.

तिच्या शेजारी 'इम्प्लॅकेबल' नावाचं १८०५ मध्ये फ्रेंचांकडून जिंकलेलं जहाज उभं असे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीला पैसा मिळाला नाही. २ डिसेंबर १९४९ रोजी ते समुद्रात नेऊन सुरुंगाने बुडवलं गेलं. शेजारी तरंगणारी लहान सागवानी फ्रिगेट वाचली, कारण ती अजून कामाची होती आणि तिचं लाकूड तेवढं खराब झालेलं नव्हतं.

१९८६ मध्ये प्रशिक्षण थांबलं. पुढच्या वर्षी मोठ्या बार्जवर चढवून तिला हार्टलपूलला आणलं. या गावातले जहाज बांधण्याचे कारखाने साठच्या दशकात बंद पडले होते आणि बेकारी दांडगी होती. पण 'वॉरियर' या लोखंडी युद्धनौकेचं जीर्णोद्धाराचं काम इथेच नुकतं पुरं झालं होतं, त्यामुळे हातात कसब असलेली माणसं गावात होती. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं काम चाललं. १९९२ मध्ये तिला तिचं मूळ नाव परत मिळालं. काय बदलायचं आणि काय तसंच राहू द्यायचं, याचा निर्णय त्यांना प्रत्येक फळीपाशी करावा लागला असणार. सगळं काम संपलं तेव्हाही निम्म्याहून अधिक लाकूड मूळचं होतं.

लायन गेटच्या आत

मुंबईत परतल्यावर मी शहीद भगतसिंग मार्गावरच्या लायन गेटपाशी गेलो. दोन सिंह, पहारा, आणि आत नौदलाची गोदी. डंकन गोदी आजही नौदलाच्या वापरात आहे, आणि सुरक्षेच्या कारणाने सामान्य माणसाला आत जाता येत नाही. ते रास्त आहे. एलिफंटाच्या लाँचमधून जाताना क्रेन आणि करड्या युद्धनौका दिसतात, एवढंच. पण त्रिंकोमाली इथे बांधली गेली हे सांगणारं रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेला पडेल असं मला तिथे काही दिसलं नाही. हार्टलपूलची शाळकरी मुलं मुंबईचं नाव घेत जहाजावर चढतात. मुंबईच्या मुलांना त्या भिंतीपलीकडे काय झालं हे सांगायला कुणी नाही. एक फलक, जहाजाची एक प्रतिकृती, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, एवढं तरी व्हायला हवं.

जमशेटजींचं नाव राहिलं. ग्रीनिचच्या संग्रहालयात त्यांचं तैलचित्रही आहे. त्यांच्या हाताखाली फळ्या तासणाऱ्या, भोकं पाडणाऱ्या, सांधे बुजवणाऱ्या, तांबं ठोकणाऱ्या शेकडो माणसांचं काय? ती सुरत-नवसारीची, कोकणातली, मुंबईच्या बेटावरचीच असणार, आणि त्यांना रोजंदारी मिळत असणार. रोजंदारी दिली गेली तिथे हिशेब लिहिले गेलेच. मुंबई सरकारचे त्या काळचे दस्तऐवज महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाकडे आहेत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे बसून एखाद्या तरुण अभ्यासकाने १८१६-१७ च्या नोंदींत गोदीतल्या सुतारांची हजेरी शोधावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. लायन गेटपासून ती इमारत चालत काही मिनिटांवर आहे.